चिटगुप्प्याचा बेंजो

लाइव्ह रेकॉर्डिंगचं वेड मला आणि माझ्या नवऱ्याला, केदारला, लग्नाच्या आधीपासूनचं. तो बेस गिटार वाजवतो, मी पुण्यात एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते. घरी पाहुणे आले की चहाबरोबर आम्ही एखादी जुनी मैफल लावतो, नाहीतर कुठल्यातरी परदेशी बँडचा मैदानातला कार्यक्रम, आणि पाहुणे लवकर उठतात. स्टुडिओतलं गाणं धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलेलं असतं. लाइव्हमधलं अंगावर घातलेलं असतं, घामानं भिजलेलं. गायकाचा श्वास कुठे पुरला नाही, तबलजी कुठे खूश झाला, सगळं कळतं.

आमचा स्वतःचा बँड होता. तो बंद पडला. भांडण झालं नाही. झालं असतं तर निदान सांगायला काही राहिलं असतं. वाजवायला बोलावणारं कुणी उरलं नाही एवढंच. केदारचा अँप आता बाल्कनीत आहे आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली आहे.

अशा दिवसांत मूळचे बिदरकडचे एक गृहस्थ स्टुडिओत एक कॅसेट घेऊन आले. खराब व्हायच्या आत ती संगणकावर घेऊन ठेवायची होती. चिटगुप्प्याच्या एका गायन पार्टीचा भीमगीतांचा कार्यक्रम, कुठल्यातरी गावात उघड्यावर टेपलेला. बाईचा आवाज, ढोलकी आणि बेंजो. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. हळदीत, वरातीत तो ऐकला होता. असा मात्र ऐकला नव्हता. बाई एक ओळ सोडायची आणि बेंजो ती ओळ जमिनीवर पडायच्या आत झेलायचा. मी ती कॅसेट केदारला ऐकवली. त्यानं ती परत लावायला सांगितली.

त्या गृहस्थांकडून नंबर मिळाला. फोन गाणाऱ्या बाईंनीच उचलला. विमलअक्का. बेंजो त्यांचे यजमान वाजवत, माणिकअण्णा. "ते फोनवर बोलत न्हाईत," अक्का म्हणाल्या. "पण पार्टी हाय की अजून. हिवाळा सरताना कमठाण्याला विहाराचा कार्यक्रम हाय, तवा या." कार्यक्रम टेपायचा आणि त्याचा एक लाइव्ह अल्बम करायचा असं आम्ही ठरवलं. कुणासाठी, ते ठरवलं नाही. काहीतरी वाजतं राहावं, एवढंच होतं.

बसवकल्याण

उमरग्याहून पुढे गाडी सीमा ओलांडते तेव्हा बाहेर काहीच बदलत नाही. तीच काढून झालेली तूर, तोच ऊस, तीच माणसं. फक्त पाट्या कानडी होतात आणि आपण निरक्षर होतो. बसवकल्याणच्या स्टँडवर आम्ही घाईघाईनं उतरलो आणि माइकचा स्टँड वर रॅकवरच राहिला. लक्षात येईपर्यंत गाडी गेली होती. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं आधी कानडीत, मग उर्दूत, मग मराठीत आमची समजूत घातली. तिन्ही भाषांत स्टँड गेला तो गेलाच.

समोरच्या हॉटेलात सुसला आणि मिरची भजी खाल्ली. सुसला म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे. आपल्याकडे पोह्यांना जो मान, तो तिकडे सुसल्याला. केदारच्या पाठीवरची गिटारची पिशवी बघून शेजारच्या बाकावरचे गृहस्थ आमच्या टेबलाशी येऊन बसले. ते पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. आता त्यांचा स्वतःचा डीजे होता. केदारला असा माणूस भेटला की त्याला वेळकाळ राहत नाही. स्पीकर किती इंचांचे, अँप किती, जनरेटर कुठला, असं दोघांचं सुरू झालं.

"ट्रॅक्टर भरून स्पीकरची भिंत हाय माझी," ते म्हणाले. "चालू केली की शेजारच्या घरातली भांडी खाली येतेत."

"आणि क्लॅरोनेट?" मी विचारलं.

"हाय की. पोरीच्या लग्नात वाजवायचं म्हणून ठेवलतं. लग्नात पोरीनंच डीजे लावा म्हणून सांगितलं." ते हसले. मग जरा वेळानं म्हणाले, "चिटगुप्प्याला माणिककडं जायलाव व्हय? लई मोठा कलाकार. माझ्या भिंतीपुढं बी वाजवलाय त्यानं. मिरवणुकीत मी मागं, त्यो पुढं. मी आवाज कमी केलो न्हाई आन् त्यो हटला न्हाई."

हे ते कौतुकानं सांगत होते. आम्हीही कौतुकानंच ऐकलं.

चिटगुप्पा

चिटगुप्प्याला संध्याकाळी पोचलो. बाजाराचा दिवस होता, लोक पिशव्या घेऊन गावांकडे परतत होते. अक्का रस्त्यावर घ्यायला आल्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, आवाज बोलतानाही खालच्या पट्टीत. "कामून एवढा उशीर केलाव? भाकरी गार व्हायलीय," हे त्यांचं पहिलं वाक्य.

माणिकअण्णा पत्र्याच्या पडवीत बसले होते. उंच, देखणे, पांढऱ्या मिशा, मांडीवर बेंजो. केदारनं तो बघितला आणि नमस्कार करायचा विसरला. अण्णांनी तो स्वतः बनवला होता. लाकूड फणसाचं, खटके सायकलच्या तारांचे, तारांचा आवाज उचलणारा पिकअप एका मोडक्या गिटारचा. अण्णांनी केदारच्या हातात बेंजो दिला, केदारनं त्यांच्या हातात गिटार दिली, आणि दोघं जत्रेतल्या पोरांसारखे एकमेकांचं खेळणं उलटंपालटं करून बघू लागले.

"अण्णा, तुमचं सगळ्यात आवडतं लाइव्ह रेकॉर्डिंग कुठलं?" केदारनं विचारलं.

अण्णांनी थोडा विचार केला. "पांढरी," ते म्हणाले. "काळी वायर उन्हात लवकर तडकती."

केदार हसला. त्याला वाटलं अण्णा फिरकी घेतायत. अण्णाही हसले. मला मात्र अक्कांचा चेहरा दिसला. त्या पटकन पुढे आल्या, अण्णांच्या समोर उभ्या राहिल्या आणि ओठ मोठे हलवून म्हणाल्या, "हातपाय धुवून घ्या. इस्माईलभाई आलेत."

इस्माईलभाई ढोलकी वाजवायचे. किरकोळ माणूस, डोक्याला टोपी, पायांत नेहमी घाईत असल्यासारख्या चपला. अण्णा मोरीकडे गेले तसा त्यांनी बेंजो ओढून घेतला, कान लाकडाला टेकवला आणि खुंट्या पिळून तारा भराभर सुरात लावल्या. अण्णा तोंड पुसत परत आले तेव्हा बेंजो होता तिथे होता आणि इस्माईलभाई ढोलकीची दोरी आवळत होते.

मग त्यांनी आमच्यासाठी एक गाणं वाजवलं. त्यात कुठे काही उणं नव्हतं. अण्णांची बोटं अशी पडत होती की केदारनं माझा हात घट्ट धरला. अण्णांचं लक्ष सारखं दोनच गोष्टींवर होतं, अक्कांच्या ओठांवर आणि इस्माईलभाईंच्या हातांवर.

स्वयंपाकघरात मी भाकऱ्या थापायला बसले. माझी भाकरी बघून अक्कांनी ती हळूच मोडून पुन्हा थापली. पातेल्यात पुंडीची भाजी होती, म्हणजे आपली अंबाडी, तुरीची डाळ घालून केलेली.

"अक्का, अण्णांना ऐकू..."

"येईना," त्या म्हणाल्या. भाकरी उलटली. "मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढं वाजवू वाजवू कान गेलेत. बिदरच्या डॉक्टरनं सांगितलं, नस मेली. मशीन दिलं. ते घातलं की भांडी पडल्यावानी वाटतंय म्हणून पेटीत टाकलं. त्यांना ठाऊक हाय कमी ऐकू येतंय म्हणून. पण बोटं चुकत न्हाईत, सूर चुकत न्हाई, असं वाटतं त्यांना. बोटं खरंच चुकत न्हाईत, ताई. पण तार उतरलेली कळंना."

"म्हणून इस्माईलभाई..."

"व्हय. हे चहाला गेले की ते तारा लावतेत. ह्यांना न्हाई ठाऊक." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगू नका. ह्यांच्याजवळ दुसरं काय हाय?"

मी नाही सांगणार म्हटलं. केदारला मात्र त्या रात्री सांगितलं. तो म्हणाला, "उद्या टेपायला नको." मी म्हटलं, आपण त्यासाठीच आलोय, नाही टेपलं तर अण्णा विचारतील कामून म्हणून. दोघांचंही बरोबर होतं.

कमठाणा

चिटगुप्प्याहून कमठाण्याकडे जाताना माती बदलत जाते. काळी संपते आणि विटेसारखी लाल सुरू होते. घरांच्या भिंती त्याच लाल दगडाच्या, रस्त्यावरची धूळ लाल, गाईंचे पायही लाल. विहारापुढे निळा मांडव घातला होता. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या. खीर वाटली जात होती. वंदना झाली, भाषणं झाली. एक म्हातारे शिक्षक मराठीत सुरू करून कानडीत संपले आणि कुणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

गेलेल्या स्टँडऐवजी केदारनं माइक मांडवाच्या बांबूला सुतळीनं बांधला. एक अक्कांपुढे, एक मध्ये. अण्णा शेजारी उभे राहून रेकॉर्डरवरच्या मीटरचा काटा हलताना बघत होते. "बोल," ते अक्कांना म्हणाले. अक्का बोलल्या, काटा उडाला, आणि ते माझ्याकडे बघून समाधानानं हसले.

मांडव अपुरा होता. अण्णांची जागा उन्हात आली. अक्कांनी आत सरकायला सांगितलं, पण आत पोरं बसली होती आणि अण्णांना पोरं उठवायची नव्हती. पहिली दोन गाणी उत्तम झाली. बायका टाळ्यांवर ठेका धरू लागल्या. एका आजीनं उठून अण्णांच्या हाताचा मुका घेतला. त्या वेळी मला वाटलं, हा अल्बम होणार.

तिसऱ्या गाण्यात उन्हानं तार उतरली. बेंजोच्या सुरावटीच्या दोन तारा एकाच सुरात लावलेल्या असतात. त्यांतली एक खाली आली आणि दोघी एकमेकींशी भांडू लागल्या. आधी नुसतीच खरखर वाटली. मग हेडफोनमधून मला ती असह्य झाली. अक्का आधी एका तारेमागे गेल्या, मग दुसरीमागे, मग कुठेच जाता येईना. त्यांचा आवाज वरच्या ओळीवर चिरकला. इस्माईलभाईंना दिसत होतं, पण भरल्या मांडवात अण्णांच्या हातातून बेंजो कसा काढून घेणार? त्यांना एकच सुचलं. ते ढोलकी जोरात वाजवू लागले. अक्का माइकच्या जवळ सरकल्या. दोघं मिळून तो बेंजो झाकू बघत होते.

ढोलकी चढली तसं अण्णांना वाटलं, रंग चढला. थाप त्यांच्या पायांना कळत होती. त्यांनी डोळे मिटले आणि ते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवू लागले. बोटं एकाही जागी चुकली नाहीत. मागे काही तरुण हसले. एका बाईनं लेकराचे कान झाकले. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं मात्र हलली नाहीत. खाली मान घालून बसून राहिली, आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी उठून हात जोडले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि चेहरा उजळला होता.

टेम्पोतून परतताना अण्णा एकटेच बोलत होते. असा कार्यक्रम लई दिवसांत झाला न्हाई, म्हणत होते. आम्ही चौघं होय होय करत होतो.

पुन्हा चिटगुप्पा

सकाळी इस्माईलभाई नाश्त्याला आले. चहा झाला आणि अण्णांनी माझ्याकडे हात पसरला. "ताई, ऐकवा."

"अण्णा, काहीतरी बिघडलं," मी त्यांच्या समोर येऊन म्हटलं. "टेपलंच गेलं नाही."

"कसं न्हाई? मीटर हललेलं मी बघितलंय की." त्यांनी पिशवीतून हेडफोन स्वतःच काढले. "मला कमी ऐकू येतंय म्हणून टाळायलाव व्हय? आवाज मोठा करतो की."

अक्का म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या की. नंतर पुण्याहून पाठवतील." अण्णांनी ते बघितलंच नाही. त्यांनी हेडफोन चढवले, बटण कुठलं ते केदारला खुणेनं विचारलं आणि आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरवली. शेजारी बसलेल्या आम्हालाही बारीक आवाज ऐकू येऊ लागला. इतका मोठा आवाज थेट कानात सोडल्यावर काय होईल, याचा मी विचारच केला नव्हता. मला वाटलं होतं, त्यांना गुणगुण तेवढी ऐकू येईल.

पहिलं गाणं सुरू झालं आणि अण्णांनी दचकून अक्कांकडे बघितलं.

"इमल," ते मोठ्यानं म्हणाले. "अगं, तुझा आवाज यायलाय!"

अक्कांनी तोंडाला पदर लावला. अण्णा हसत होते, मान डोलावत होते, मांडीवर ठेका धरत होते. "जरा बसलाय आवाज तुझा. पण गोड हाय," ते म्हणाले. दुसरं गाणंही तसंच गेलं. मी हात पुढे करून ते बंद करायला हवं होतं. केदार उठलाही. अण्णांनी त्याला हातानं थांबवलं.

तिसऱ्या गाण्यात त्यांच्या मांडीवरचा ठेका थांबला. त्यांनी एक हेडफोन काढून उलटा करून बघितला, वायर हलवून बघितली. पुन्हा घातला. मग ते स्थिर बसले. शेवटपर्यंत, टाळ्या संपेपर्यंत ऐकलं. हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"इस्माईल," ते म्हणाले. "तार तू लावायलास?"

इस्माईलभाई ढोलकीकडे बघत राहिले.

"कवापासून?"

"मैं क्या बोलूं जी," इस्माईलभाई म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "उनो पूछ रहे, तुमीच बोलो अक्का."

अण्णांनी बेंजो मांडीवर घेतला. मला वाटलं वाजवतील. त्यांनी एकेक खुंटी सैल केली, सगळ्या तारा लोळण घालेपर्यंत, आणि बेंजो पंच्यात गुंडाळला. त्यात राग नव्हता. दिवसभराचं काम आटोपल्यावर माणूस अवजारं जागच्या जागी ठेवतो, तसं ते चाललं होतं.

दुपारी औरादकडच्या एका गावाहून पुढच्या कार्यक्रमासाठी फोन आला. अक्कांनी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. "पार्टी बंद झालीय, दादा," अक्का फोनवर म्हणाल्या. "न्हाई, भांडण न्हाई. वय झालं आता." इस्माईलभाई तेवढं ऐकून चपला घालून निघून गेले. ढोलकी तिथेच राहिली.

आम्ही निघताना अण्णा रस्त्यापर्यंत आले. अक्कांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. "तुम्ही कामून रडायलाव?" त्या म्हणाल्या. "कवातरी कळणारच होतं की." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण मला वाटलतं, ते असतील तवर न्हाई कळायचं."

अण्णा माझ्यासमोर उभे राहिले. "टेप पुसू नका," ते म्हणाले. "इमलचा आवाज हाय त्याच्यात. तेवढा ठेवा. माझी तार काढून टाका. तुमच्याकडं मशिनी असतेत म्हणं. व्हतंय का?"

"होतं," मी ओठ मोठे हलवून म्हटलं.

कलबुर्गीपर्यंत आम्ही बसनं गेलो आणि तिथून रेल्वे धरली. त्या शहराबद्दल लिहायला माझ्याजवळ काही नाही. ऊन होतं आणि फलाटावर नळाला पाणी नव्हतं.

पुणे

आल्यापासून मी त्या टेपशी झटते आहे. रोज काम संपलं की तासभर, कधी त्याहून जास्त. अक्कांचा माइक आणि अण्णांचा बेंजो यांत जेमतेम हातभर अंतर होतं. अक्कांच्या प्रत्येक शब्दात बेंजो शिरलेला आहे. तार काढायला गेलं की आवाज कागदासारखा पातळ होतो, बाई नळकांड्यातून बोलल्यासारखी वाटते. थोडा राहू दिला तर दोन तारांचं भांडण राहतंच. केदारनंही प्रयत्न केला. नवीन सॉफ्टवेअर आणलं, एका मित्राला ऐकवलं. मित्र म्हणाला, गायिका चांगली आहे, वेगळी टेपायला हवी होती.

शेवटी मी अक्कांना फोन केला. मागे टीव्ही लागला होता. अण्णा कसे आहेत विचारलं. शेताकडं जातेत, म्हणाल्या, सकाळी जातेत ते सांजच्याला येतेत. त्या गातात का, विचारलं. "कुणापाशी गाऊ?" त्या म्हणाल्या.

मग मी सांगितलं. जमत नाही. तार वेगळी होत नाही, तुमच्या आवाजात अडकलीय. किती प्रयत्न केले तेही सांगितलं, उगाचच.

अक्कांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"असू द्या," अक्का म्हणाल्या. "काढली म्हणून सांगते मी त्यांना. ते परत ऐकायचं म्हणणार न्हाईत."